झुहेरची किंमत सूपभर कोंडा

हसणार न्हाई असं आधी कबूल करा, मगच सांगते. केलं कबूल? बघा, लगेच खोटं बोलायला लागला! बरं हसा, पण चहा नाकात जाईल एवढं नको.

मी शाळेची पायरी चढलेली बाई न्हाई. दौंड स्टेशनाबाहेर चाळीस वर्षं फुलं विकली. शेवंती, गुलछडी, झेंडू. पुड्या बांधायला जी रद्दी यायची, तिच्यावर अक्षरं शिकले. मास्तर न्हाई, छडी न्हाई. गिऱ्हाईक नसलं की रद्दी वाचायची. त्यातनंच नावांचा नाद लागला. आज आमच्या न्हावऱ्यात कुणाच्याबी घरी पोर जन्मलं, की बारशाआधी माणूस माझ्या दारात.

"आक्का, ह्या नावाचा अर्थ काय वो?"

मी सांगणार. म्हायती असलं तर सांगणार, आन् नसलं तर जास्त जोरात सांगणार. आजवर एकानं उलटून विचारलेलं न्हाई. त्यांची काय छाती!

तर एक दिवस दौंडहून हमीदाचा फोन आला. हमीदा माझी मैत्रीण. माझ्या फुलांच्या पाटीला लागून तिची काकणांची पेटी असायची. चाळीस वर्षं आम्ही एका छत्रीत भिजलो, एका डब्यात जेवलो. तिची एकुलती एक लेक शबाना सोलापुरात दिलेली. अकरा वर्षं पाळणा हलला न्हाई. दोनदा आशा लागली, दोनदा गेली. आन् आता देवानं बघितलं!

"आक्का, मुलगा! परवा सातवा दिवस. जावळ काढायचं, नाव ठेवायचं. तू आलीच पाहिजे."

"येते की! नाव काय ठरवलंय?"

"झुहेर."

आता शहाण्या माणसानं काय विचारलं असतं? 'अर्थ काय गं?' एवढंच ना? पण मी विचारू? मी? जिला सगळी पंचक्रोशी अर्थ विचारते ती? मी आपली म्हणले, "वा वा."

हमीदा जरा दबकत बोलली, "आन् आक्का, ऐक. शबानाची सासू येणारे. उर्दू शाळेत मास्तरीण होती. फार करारी बाई. अकरा वर्षांत माझ्या दारात पाणी प्यायली न्हाई. आता नातू झाला म्हणून येतेय. शबानाला चाळीस दिवस माझ्याकडं ठेवायला कशीबशी तयार झालीय. तवा तू जरा…"

"मी जरा काय?"

"न्हाई, काय न्हाई. ये तू."

फोन ठेवला आन् माझं डोकं चालायला लागलं. हे असं नाव आपण कवा ऐकलंय? दौंडच्या फलाटावर 'अयान' म्हणून हाक मारा, सहा पोरं मान वळवतील. झुहेर? एक न्हाई. मग अकरा वर्षांनी झालेल्या, नवसासायासाच्या पोराला असलं आडवंतिडवं नाव कोण ठेवील?

आन् एकदम डोक्यात उजेड पडला! आवो, आपल्यात न्हाई का? पोरं जगत न्हाईत म्हणल्यावर नाव ठेवायचं धोंडू, दगडू, केरबा. म्हंजी नजर लावणाऱ्याला वाटावं, हे धोंडा हाय, ह्याला कशाला न्यायचं! नुसतं नाव ठेवून भागत न्हाई. दुसऱ्या बाईनं यायचं, पोराला चारचौघात नावं ठेवायची, सुपात घेऊन कोंड्यावर विकत घ्यायचं. मग आईनं ते परत मागायचं. पोर दुसऱ्याचं झालं, नजर चुकली. माझ्या सख्ख्या भावाला असंच वाचवलं. कोंडिबा त्याचं नाव.

म्हंजी झुहेर म्हंजी धोंडू! ठरलं.

सून म्हणाली, "आत्याबाई, मोबाईलमधी बघू का? सगळ्या नावांचे अर्थ येत्यात."

"मोबाईलला काय कळतंय? त्याला कवा पोर झालंय?"

दोन दिवसांत निम्म्या न्हावऱ्याला मी सांगून मोकळी. झुहेर, अर्थ धोंडा. दूध घालायला आलेल्या बायांनी माना डोलावल्या. किती गं आक्कांना म्हायती!

सातव्या दिवशी सूप घेतलं, त्यात गव्हाचा कोंडा बांधला आन् एसटीत बसले. कंडक्टर आला.

"आजी, हे वो काय? म्हशीला न्यायलाय का?"

"न्हाई. पोरगं आणायला चाललेय."

तो पुढं तिकीट फाडायचंच विसरला. भीमेचा पूल येईपर्यंत माझ्याकडं बघत होता.

हमीदाच्या घरात माणूस मावत न्हवतं. शिऱ्याचा वास सुटलेला. पलंगावर शबाना, मांडीवर बाळ. आन् खुर्चीत ती विहीणबाई. खालिदाबाई. पांढरीशुभ्र ओढणी, चष्मा, पाठ अशी ताठ की खुर्चीला टेकायचं काम न्हाई. हमीदा बिचारी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याभोवती फिरतेय.

आता हमीदाला आधी कानात सांगायला नको होतं का? पण माझी आज्जी म्हणायची, आईच्या घरी आधी सांगितलं तर गुण येत न्हाई. म्हणून मी काय केलं? सरळ पलंगापाशी गेले, कमरेवर हात ठेवला आन् बाजारात लावते तो आवाज लावला.

"हेच का गं ते? आगं बया बया! नाक बघा, जसं चेपलेलं वांगं! कान बघा सुपाएवढे! असलं वेडंविद्रं पोर कोण ठेवून घेणार? उकिरड्यावर टाकायच्या लायकीचं! आण इकडं. सूपभर कोंडा देते, टाक माझ्या पदरात!"

 

शबानानं बाळाला छातीशी धरलं. हमीदाच्या हातातला तांब्या तिरपा झाला, पाणी फरशीवर. खालिदाबाई उठल्या. मराठी अशी स्वच्छ, की माझ्यासारखीनं लाजावं.

"ह्या कोण?"

"माझी… माझी आक्का," हमीदा म्हणाली. एवढ्यावरबी 'माझी' म्हणाली हो ती! 

"आमच्या नातवाची किंमत कोंडा? त्याचं नाव तरी माहीत आहे का तुम्हाला?"

इथं गप बसले असते तर? पण नावाचा विषय निघाला, आन् मी गप?

"म्हायती हाय की! झुहेर. म्हंजी धोंडा. आमच्यात धोंडू, तुमच्यात झुहेर!"

खालिदाबाईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मला वाटलं, माझी विद्या बघून थक्क झाल्या.

"शबाना," त्या म्हणाल्या, "सामान बांध. आपण दुपारच्या गाडीनं सोलापूरला जाऊ."

 हमीदाकडं बघितलं. रडत न्हवती. नुसती उभी होती, जशी पेटीतली सगळी काकणं एका वक्ताला फुटल्यावर एकदा उभी राहिली होती तशी. अकरा वर्षांनी दारात आलेली विहीण, चाळीस दिवसांसाठी आलेली लेक, सात दिवसांचा नातू, सगळं माझ्या एका तोंडानं चाललं होतं.

आयुष्यात मी माफी फार थोड्या वेळा मागितलीय. सवय न्हाई. म्हणून सुपासकट फरशीवरच बसले.

"बाई, थांबा. मला ह्या नावाचा अर्थ ठावा न्हाई. मी ठोकून दिला. पण शिव्या द्यायला आले न्हवते. दोनदा पोरीची आशा गेली. तिसरं टिकावं म्हणून आले. आमच्यात असं पोर नावं ठेवून, कोंडा देऊन विकत घेत्यात, म्हंजी नजर फिरते. माझा भाऊ असाच जगला. मला वाटलं, तुम्हीबी त्याचसाठी असलं नाव शोधलं."

खालिदाबाई उभ्याच.  मग विचारलं, "उकिरड्यावरही ठेवतात ना?"

"ठेवत्यात. पण तुम्हाला कसं…"

त्या हळूच खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच पाठ टेकली.

"माझ्या सासूबाईंची चार मुलं गेली. पाचव्याला उकिरड्यावर ठेवलं आणि उचललं. ते आमचे मालक. कचरूभाई. तीस वर्षं शाळेच्या पटावर माझं नाव खालिदा कचरू. नवा हेडमास्तर आला की दर वेळी वाचताना अडखळायचा. तेव्हाच ठरवलं होतं, नातवाला असं नाव देईन की वाचणाऱ्याचं तोंड गोड व्हावं. झुहेर. फार जुनं अरबी नाव. तिकडं फुलाला जो शब्द आहे ना, त्यातूनच निघालेलं. झुहेर म्हणजे इवलंसं फूल. उजळ, असाही अर्थ सांगतात. आपल्या भागात कुणी ठेवत नाही. तीस वर्षांत माझ्या एकाही वर्गात आलं नाही."

फूल!

चाळीस वर्षं पाटीभर फुलं डोक्यावर घेऊन हिंडलेली मी, आन् फुलाला धोंडा म्हणले. शबाना आधी हसली. मग हमीदा. मी खाली मान घालून विचारलं, "आन् कचरूभाई किती जगले वो?"

"अठ्ठ्याहत्तर वर्षं."

"मग बघा की! उकिरड्याला गुण हाय!"

खालिदाबाईंच्या ओठाची कड हलली. उठल्या, शबानाकडून बाळ घेतलं आन् माझ्या सुपाकडं बघून म्हणाल्या, "सूपभर? माझा नातू फक्त सूपभर कोंड्याला? दोन सुपं."

मी बाजारची बाई. सवय कुठं जाती? "बाई, अर्धा शेर कोंडा नाकाचा कापा की. वांगं हाय ते!"

"नाक आमच्या घराण्याचं आहे. त्याचे पैसे वेगळे."

असा आमचा सौदा झाला. एका सुपावर जमला. बाळ माझ्या पदरात आलं, माझं बोट धरलं आन् सोडायला तयार न्हाई. माझे डोळे… जाऊ द्या. मग शबानानं परत मागितलं, मी दिलं. खालिदाबाई म्हणाल्या, "मोठा झाल्यावर त्याला सांगावं लागेल, कुणी विकत घेतलं होतं. तुमचं नाव काय?"

हा प्रश्न मी आयुष्यभर 'आक्का म्हणा' करून टाळलाय.

"दगडाबाई."

"म्हणजे तुम्हालाही?"

"व्हय. माझ्या आधीच्या तिघी गेल्या."

खालिदाबाई पुढं झाल्या. स्वतःच्या हातानं शिऱ्याची बशी माझ्यापुढं ठेवली. मग हमीदाला म्हणाल्या, "चाळीस दिवस नीट बघा दोघांना. मी पंधरा दिवसांनी येते, राहायला." हमीदानं मला माजघरात नेऊन पाठीत एक धपाटा घातला आन् गळ्यात पडली. मला एवढं हलकं वाटलं, सकाळची पूर्ण पाटी दहाच्या आत खपल्यावर वाटायचं ना, तसं.

परतीच्या एसटीत नेमका तोच कंडक्टर.

"आजी, पोरगं कुठाय?"

"दिलं परत."

"आन् कोंडा?"

"तो विहीणबाईंनी ठेवून घेतला. सुपासकट."

"मग तुम्हाला काय मिळालं वो?"

मी ताठ बसून सांगितलं, "एका नावाचा अर्थ."

त्यानं खिशातला मोबाईल वर काढून दाखवला.

"आजी, ह्यात फुकट मिळतोय की!"