जिवाणूची ओळखपरेड

गागोद्याच्या शेतावर लावणी आटोपून आलेली माझी पत्नी तापाने अंथरुणाला खिळली. मधुमेह तिला आधीपासूनच होता. पेणच्या रुग्णालयात तिच्या रक्तातून एक जिवाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढवण्यात आला. तो कोणती साखर पचवतो, कोणती द्रव्ये बनवतो, अशा रासायनिक चाचण्या घेऊन यंत्राने त्याला एका परिचित नावाखाली बसवले. खाली प्रयोगशाळेचा शेरा होता, ‘बहुधा नमुना दूषित’, म्हणजे जिवाणू रक्तातला नव्हे, बाहेरून मिसळलेला. औषधे चालू होती, ताप हटत नव्हता आणि ती डोळ्यांदेखत खंगत होती.

उभी हयात न्यायालयात कारकुनी केलेल्या माणसाला ‘बहुधा’ हा शब्द सोसत नाही. मी प्रयोगशाळेला तत्काळ नोटीस धाडली: सदर नमुना व त्यातील जिवाणू हा पुरावा असून तो नष्ट केल्यास आपणांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल. त्यांना ग्राहक न्यायालयात खेचणे, एवढाच माझा हेतू होता.

मग नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरबाईंनी पत्नीच्या भेगाळलेल्या टाचा पाहिल्या.

“काकू, चिखलात गमबूट नाही घालत?”

“नाय गो बाय! रुतलेला बूट उपसू का रोप लावू?”

बाई हसल्या नाहीत. भातखाचराच्या चिखलात राहणारा एक जिवाणू भेगांतून शरीरात शिरतो, त्यांनी मला समजावले. रासायनिक चाचण्यांत तो आपल्या भाईबंदांसारखाच दिसतो, त्यामुळे यंत्र फसते. जनुके तपासली की खरी ओळख पटते.

“पण काका, असा शेरा मारला की वाढवलेला जिवाणू टाकून देतात.”

“टाकायची छाती नाही त्यांची!”

बाईंनी फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. “नोटीसवाल्या काकांची बशी ना? कुलपात आहे. साहेब कुणाला हात लावू देत नाहीत.”

बाईंनी संशयावरूनच त्या दिवशी औषध बदलले आणि बशी मुंबईला जनुकीय तपासणीसाठी रवाना केली. त्यांचा संशय खरा ठरला. इंजेक्शने, मग कित्येक महिने गोळ्या, असा लांबलचक उपचार ठरला.

ताप उतरला त्या सकाळी पत्नीने पेज मागितली, वर आंबाड्याचे लोणचेही मागितले. मी तिला बजावले, “यापुढे गमबुटावाचून खाचरात पाऊल टाकायचे नाही.”

“व्हय,” ती म्हणाली, “मलापण नोटीस धाडा.”

मी धाडली. एक प्रत कृषी कार्यालयालाही पाठवली: पुढील लावणीपूर्वी गावातील प्रत्येक बाईस गमबूट मिळावेत.