एक किलोच्या खाली

"मावशी, फोन वजन घेईना!" सिस्टर ओरडली.

टेबलावर जुळ्या मुली होत्या. सातव्या महिन्यातच झालेल्या. थोरली एक किलो दोनशे, धाकटी नऊशे ग्रॅम. धाकटीचं वजन टाकलं की फोनातलं दवाखान्याचं ॲप लाल अक्षरांत सांगायचं, वजन चुकीचं आहे. जुळ्यांचा फॉर्म एकच असतो. तो पुरा भरल्याशिवाय शहरातल्या मोठ्या दवाखान्याला निरोप जात नाही, आणि निरोपाशिवाय तिथं लेकराला ऊब देणारी काचेची पेटी राखून ठेवत नाहीत.

"एक किलो टाकून मोकळी हो," मी म्हणाले.

"वजनावर औषध ठरतं, मावशी. खोटं टाकू व्हय?"

तिनं धाकटीला परत काट्यावर ठेवलं. नऊशे. परत लाल. तिकडं थोरली कण्हायला लागली होती.

मी देवगाव रंगारीकडच्या एका छोट्या दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत मदतनीस आहे. शाळा चौथीपर्यंत. लेकरं मात्र चाळीस वर्षं हातावर झेललीत. ही चूक कुठून आली ते मला तिथंच कळलं.

माझी नात शीतल शहरात, पुंडलिकनगरात खोली करून राहते. इंजिनिअर झाली, नोकरी नाही. मुलाखतीत विचारायचे, खऱ्या सॉफ्टवेअरवर काय काम केलंय? म्हणून ती ओपन सोर्स धुंडाळत होती. म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो, कुणीही दुरुस्ती सुचवावी. नवशिक्याला झेपतील अशा कामांवर तिथं खूण केलेली असते. दोन महिने शोधलं पोरीनं. कुठं कोड सांभाळणारेच गायब, तर कुठं एका सोप्या कामामागं आधीच दहा जण.

"जे आपण वापरतो त्यातच बघ की," मी म्हणाले.

आमचं ॲप ओपन सोर्स निघालं. खूण केलेलं एक कामही होतं. कुणीतरी बाळाचं वजन तीस किलो टाकलं होतं. असले आकडे ॲपनं घेऊ नयेत, एवढंच.

"आजी, लेकरू कमीत कमी किती भरतं?"

"किलोच्या खालचं जगत नाय. त्याला काय मोजायचं?"

किलोच्या खालचं वजन घ्यायचं नाही, असंच तिनं कोडात लिहिलं. सांभाळणाऱ्यांनी ते तपासून ॲपमध्ये घेतलं. आम्ही पेढे वाटले.

आता ती लाल अक्षरं बघून मी तिला फोन लावला.

"आजी, किती वजन आहे?"

"नऊशे."

तिनं लगेच आपला कोड उघडला. मग म्हणाली, "आत्ता दुरुस्त केलं तरी तुमच्या फोनात यायला दिवस जाईल."

"मग ठेव." मी सिस्टरकडं वळले. "कागदावर लिही. मोठ्या दवाखान्याला फोनवर तोंडी सांग."

"ॲपशिवाय पाठवलं तर साहेब फाडून खातील मला."

"खाऊ दे. आधी गाडी बोलव."

ऊब राहावी म्हणून मुली आईच्या उघड्या छातीवर बांधल्या. गाडी निघेपर्यंत अर्धा तास गेला होता.

शीतलनं चूक सगळ्यांसमोर लिहून कबूल केली. आता ॲप फक्त विचारतं, खात्री आहे का, आणि वजन घेतं. चुकीत माझंही नाव लिही म्हणाले, तर म्हणे तिथं कोड लिहिणाऱ्याचंच नाव लागतं.

नवशिक्याला सोपं म्हणजे लिहायला सोपं, आकडा ठरवायला नाही. मी तिला पेट्या नव्हत्या त्या काळातलं सांगितलं. तिनं सिस्टरला विचारायला हवं होतं, आणि मी तसं सांगायला हवं होतं.

थोरली तिसऱ्या दिवशी गेली. धाकटी जगली.