चार टप्प्यांचा लोड

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणारा माणूस मी. मूळचा जळगावचा, पिंप्राळ्याचा. नोकरी धुळ्याबाहेर साक्री रोडवरच्या सुपरकम्प्युटर सेंटरमध्ये. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय...

रोज दुपारी तीनला हवामानाचं मोठं गणित सुरू व्हायचं. मी बटण दाबलं की हजारो प्रोसेसर एकदम कामाला लागायचे आणि अख्ख्या गावाला पुरेल एवढी वीज एका क्षणात ओढली जायची. मग शेजारच्या सबस्टेशनचे ऑपरेटर नाना हमखास फोन करायचे.

"भाऊ, धीरे धीरे ल्या ना लोड. एकदम लेतस ते आठे बठ्ठं हाली जास."

इथलं सगळं हलतं म्हणे! पण टप्प्याटप्प्याने घ्यायचं तर अर्धा तास जाणार. "बघतो नाना," म्हणून मी फोन ठेवायचो. म्हातारा उगाच डोकं खातो, असंच वाटायचं.

त्या मंगळवारीही मी नेहमीसारखं एकदमच सुरू केलं. पण स्क्रीनवर लोड थोडा चढला... थांबला. पुन्हा चढला, पुन्हा थांबला. चार टप्पे, बरोब्बर अर्धा तास! प्रोसेसर मात्र सगळे तीनलाच पूर्ण जोरात चालू झाल्याची नोंद.

लगेच नानांचा फोन. "हां भाऊ, आशेच! मन्हं आयकं तुम्ही."

"तुमच्यासाठीच केलं, नाना," मी खुशाल ठोकून दिलं. आजही लाज वाटते.

दोन दिवसांनी कळलं. सबस्टेशनमागच्या क्वार्टरमध्ये नानांच्या पत्नी, लीलाअक्का, ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या. मी एकदम लोड घेतला की व्होल्टेज पडायचं, मशीन बंद पडायचं आणि अक्कांचा जीव घाबरा व्हायचा. रोज! ड्युटीच्या फोनवर घरचं गाऱ्हाणं कशाला, म्हणून नाना कधी बोलले नाहीत. त्या मंगळवारी ते रजा घेऊन अक्कांजवळच बसले होते; मला फोनही तिथूनच केला होता. मशीन एकदाही थांबलं नाही. संध्याकाळी अक्का झोपेतच गेल्या.

सबस्टेशनच्या मीटरवरही तेच चार टप्पे उमटले होते. आम्ही सगळं तपासलं, इंजिनिअर बोलावले... अजून उलगडा नाही. आता मी स्वतःच्या हाताने चार टप्प्यांत लोड घेतो. फार उशीर झाला, हेही कळतं.

भेटायला गेलो तेव्हा नानांनी माझा हात धरला. "तुमनामुये ती सुखमा गयी, भाऊ." मग म्हणाले, "पन पहिलेच का बरं नही करं?"

रागावले नव्हते. खरंच विचारत होते.

"राहून गेलं, नाना," एवढंच मी म्हणालो. शेजाऱ्यांनी आणलेला चहा त्यांनी आधी माझ्यापुढे केला.