लाल काठाचा पट्टा

आमच्या कारखान्याच्या इतिहासाची एक गुळगुळीत पुस्तिका आहे. संस्थापकांनी दूरदृष्टीने आपल्या पट्ट्यांना लाल काठ दिला, असं तिच्यात छापलंय. संस्थापक म्हणजे आमचे हे. त्यांची दूरदृष्टी मला चांगली माहीत आहे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे.

गोष्ट एकोणीसशे तीस सालाच्या आगेमागची. सोलापूरच्या गिरणीत तेव्हा एकच मोठं इंजिन असायचं आणि त्याची ताकद यंत्रांपर्यंत पोचवायला चाकांवरून लांबलचक पट्टे फिरायचे. ते विलायतेहून येत. "जाड सुताचे आपणच विणू," असं म्हणून यांनी गिरणीतली फिटरची नोकरी सोडली आणि परसात पत्र्याची शेड घातली. कारखाना म्हणजे एक भक्कम माग, विणलेला पट्टा भिजवायला जवसाच्या तेलाची कढई आणि एक तेलुगू विणकर. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. जन्म लुगडी विणण्यात गेलेला. असलं जाड काम करायला दुसरा कुणी तयारच नव्हता.

गिरणीने पहिला पट्टा मागितला. तो नापसंत झाला तर शेडला कुलूप, आणि नोकरी तर आधीच सोडलेली. हे तेलात घालायची राळ आणायला मुंबईला गेले. परत येऊन बघतात तो पट्टा विणून तयार, आणि त्याला दोन्ही बाजूंनी लालभडक काठ!

"ही गिरणी आहे मामा, लग्नघर नाही!" हे कडाडले.

मामा शांतपणे म्हणाले, "बिनकाठाचं पांढरं कापड मयताला असतंय की, मालक. पैला माल हाय. इंजनावर मयताचं कापड चढवायचं व्हय?"

"मग आता माझंच मयत बांधा त्यात! आणि हा पट्टा गेला की पुन्हा तोंड दाखवू नका."

दुसरा पट्टा विणायला वेळ नव्हता. तेलात भिजवून वाळवला तर काठ लपायचा राहिला बाजूला, उलट जास्तच खुलला. दोन दिवसांनी सकाळी पट्टा बैलगाडीत घालून हे गिरणीवर गेले.

थोड्या वेळाने मामा बोचकं घेऊन आले आणि शेडच्या पायरीवर बसले. "मालक आले की सांगून जातो, अम्मा." न सांगता निघून जाणं त्यांना बरं दिसत नव्हतं. मी चहा दिला, तो घेतला नाही. यांचा मला असा राग आला होता की तव्यावरची भाकरी करपली. "त्यांचं मनावर घेऊ नका, मामा. मी तर रोज ऐकते," मी म्हटलं. ते हसले, पण बोचक्यावरचा हात काही काढला नाही.

हे संध्याकाळी आले ते मागच्या दाराने, थेट स्वयंपाकघरात, आणि घडलेलं सगळं मला सांगू लागले. पट्टा बघून गिरणीच्या इंजिनिअरने "लुगडं आणलंत काय?" म्हणून थट्टा केली होती. पण पट्ट्यावाचून गिरणीचं एक खातं बंद पडलेलं, म्हणून चढवला. फिरता फिरता पट्टा चाकावरून हळूहळू एका बाजूला सरकू लागला. एरवी तो खाली पडेपर्यंत कुणाला कळलं नसतं. या वेळी मात्र लाल काठ चाकाबाहेर डोकावलेला लांबूनच सगळ्यांना दिसला आणि इंजिन थांबवता आलं. दोष चाकाचा होता. ते सरळ केलं, पट्टा नीट चालला, आणि इंजिनिअरनेच सांगितलं की पुढचे सगळे पट्टे काठाचे द्या.

"मग हे मला काय सांगता? त्यांना सांगा," मी म्हटलं.

हे दारात घुटमळले. आपलं चुकलं असं म्हणणं या माणसाच्या जिवावर यायचं. शेवटी पायरीपाशी जाऊन उभे राहिले.

"मामा, गिरणीला अजून पट्टे पाहिजेत. काठ... काठ केवढा घालायचा?"

मामांनी त्यांच्याकडे बघितलं आणि बोचकं उचललं. गेलेच आता, असं मला वाटलं. पण ते वळले ते शेडच्या आत.

"बोटभर लई झाला," ते आतून म्हणाले. "लाल सूत संपलंय. ते आणा."

आणि आमचे मालक तसेच, पायात चपला घालायचंही विसरून, सूत आणायला बाजारात गेले.