अकरा सेकंदांची फाइल

सुकत घातलेल्या बांगडा मासळीचा वास आला की बाबांच्या सुतकातली तारकर्लीची ती दुपार आठवते. आमच्या घरात मासळी बंद होती, वास शेजारच्या खळ्यातून येत होता. बाहेर जायचं नव्हतं, म्हणून मी कॉम्प्युटरसमोर बसलो. गाण्याच्या फाइलमधलं नाव, गायक, लांबी वाचणारी एक मुक्त लायब्ररी, म्हणजे कुणीही वापरावा असा कोड, आम्ही काही अनोळखी माणसं मिळून सांभाळायचो. तिचा बिल्ड, म्हणजे कोड जोडून चाचण्या घेणारी आपोआप चालणारी प्रक्रिया, अडला होता. चाचणीसाठीचं गाणं कुणीतरी कॉपीराइटच्या भानगडीमुळे काढून टाकलेलं, आणि बिल्ड ते शोधत तिथेच थांबत होता. कुणाची परवानगी लागणार नाही अशी एकच फाइल माझ्याकडे होती: किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना बाबांनी मारलेली हाक, माझ्या मोबाईलवर टेप केलेली. ती घातली, चाचणीच्या स्क्रिप्टमधलं फाइलचं नाव आणि लांबी बदलली आणि एकदा वाजवून बघितली. आई दारात आली. "ह्यो तेंचोच आवाज मा?" "होय." "परत लाव." मी लावली. ती उभ्यानेच ऐकत राहिली, मग म्हणाली, "जेवूक ये." तोवर बिल्ड पास झाला होता. मला काहीच वाटलं नाही. मी जाऊन जेवलो. आजही कुणी त्या लायब्ररीचा बिल्ड चालवला की ती फाइल उघडली जाते. हाक कुणी ऐकत नाही. लांबी अकरा सेकंद भरते ना, एवढंच मशीन तपासतं आणि पुढे जातं.