फाटकावर बंद पडणारी गाडी

माझे थोरले दीर अमेरिकेतून परत आले ते एक गाडी घेऊन. दोनच माणसांची, कापडी टपाची, बसल्यावर रस्ता हाताला लागेल इतकी बुटकी. स्टिअरिंग डावीकडे. नवी नव्हती, तिकडेच त्यांनी ती जुनी म्हणून घेतली होती. मोठ्या दुष्काळानंतरची ती वर्षं. सोलापुरात मोटारी होत्या, पण अशी नव्हती. सात रस्त्याच्या चौकात ती उभी राहिली की सायकलीही उभ्या राहत.

भाऊजी मिलमध्ये इंजिनिअर म्हणून लागले आणि पाळीला सायकलने जाऊ लागले. गाडी आली जाऊबाईंच्या वाट्याला. त्या बायकांच्या डॉक्टर. आठवडाभर शहरातल्या दवाखान्यात काम करायच्या आणि बाजाराच्या दिवशी मोडनिंबला स्वतःचा दवाखाना चालवायच्या. हा दवाखाना त्यांनी हट्टाने काढला होता. मामंजींना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, तो मान्य नव्हता.

"बरोबर कोण जाणार?" त्यांनी विचारलं होतं.

"गाडीत दुसरं एकच माणूस मावतं," जाऊबाई म्हणाल्या. "हिला नेते."

हिला म्हणजे मला. मी धाकटी सून. घरातला किराणा, धुणं, पाहुणे, सणवार सगळं मीच आखत असे, त्यामुळे आठवड्यातला एक दिवस मोकळा काढणं मला अवघड नव्हतं. केसपेपर लिहिणं, उकळलेल्या सुया मोजून ठेवणं, पाण्याची बाटली आणि डबा घेणं ही माझी कामं.

मोडनिंबची खोली भर चौकात होती. मामंजींचंच म्हणणं होतं की दवाखाना काढायचाच तर दिसेल अशा जागी असावा. वर पाटी लावली होती, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत: स्त्रियांच्या सर्व विकारांवर उपचार. समोर चहाचं हॉटेल. आम्ही खुर्च्या मांडून बसायचो. मुलांचा खोकला यायचा, म्हाताऱ्यांचे गुडघे यायचे, बायका येत नव्हत्या.

"दिवाळीपर्यंत बघू," मामंजी म्हणाले. "पेट्रोल जाळून रिकाम्या खुर्च्या तपासायला जाण्यात अर्थ नाही."

जाऊबाई फारशा बोलत नसत. पण त्या रात्री त्यांनी पोळीचा अर्धा घास ताटातच ठेवला, एवढं मला आठवतं.

गाडीचं दुखणं त्याच सुमाराला सुरू झालं. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे धूर कमी व्हावा म्हणून तिच्या इंजिनावर एक पंप, बऱ्याच नळ्या आणि कोळशाने भरलेला एक डबा बसवलेला होता. पंप कुरकुरायला लागला. सुटे भाग मिळणं शक्यच नव्हतं. विजापूर वेशीजवळच्या मेस्त्रींनी बॉनेट उघडून बघितलं आणि ते हसले.

"इत्ते नळे कायकू, साहेब? गाडी हाय का सलाईन लावलेला पेशंट?"

"धुरासाठी आहे ते," भाऊजी म्हणाले.

"हितं धूर मोजायला कोण येणार हाय? काढून टाकू की."

काढून टाकलं. पंप, नळ्या, डबा, सगळं एका पोत्यात भरून माळ्यावर गेलं. रस्त्यावर गाडी उलट चपळ झाली. पण पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की इंजिन कधी उगाच भरभर पळे, कधी धापा टाके आणि मग गप्प होई. आणि एकदा गरम इंजिन बंद पडलं की निवल्याशिवाय चालू होत नसे.

मोडनिंबला छोट्या रेल्वेचं फाटक होतं आणि आमची खोली रुळांच्या पलीकडे होती. ती रेल्वे इतकी सावकाश यायची की फाटक पडल्यावर माणसं बिडी पेटवून ती निवांत संपवीत. आमची गाडी तेवढा वेळ तग धरत नसे. आगगाडी निघून जाई, फाटक उघडे, बैलगाड्या, ट्रक, सायकली पुढे सरकत, आणि आम्ही तिथेच. मागचा ट्रक ड्रायव्हर ओरडायचा, "ओ बाई, ढकलू का उचलून ठिवू?" मग चार जण गाडी ढकलून कडुलिंबाखाली लावत. जाऊबाई उतरून बॉनेट उघडून ठेवत, वारा लागावा म्हणून. मी घड्याळ बघत बसे. चौकात उशीर होतोय, आधीच कुणी येत नाही, त्यात हे.

अशाच एका खेपेला गेटमनची बायको पाणी घेऊन आली. तांब्या दिला आणि तिथेच घुटमळली.

"तुमी त्या चौकातल्या डाक्टरीण बाई नव्हं?"

"हो."

"मला इचारायचं हुतं." तिने उघड्या बॉनेटच्या आडोशाला सरकून, इंजिनाकडे बघत बघत विचारलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई गाडी बघतेय. जाऊबाईंनीही इंजिनाकडे बघतच उत्तरं दिली, मग तिला गेटमनच्या खोलीत नेऊन तपासलं. लुगड्याआड दुखणं झाकून तिने दोन वर्षं काढली होती.

"दवाखान्यात का नाही आलीस गं?" मी विचारलं.

"पाटी वाचत्यात की समदी. पायरी चढली की हाटेलातनं घरला सांगावा, हिला काय झालंय बगा म्हणून. हितं काय, फाटक पडल्यावर समदीच थांबत्यात. बाई हुबी का, म्हणून कोण इचारतंय?"

पुढच्या बाजाराला गाडी बंद पडली तेव्हा कडुलिंबाखाली दोन बायका आधीच बसलेल्या होत्या. नंतरच्या खेपांना आणखी. गेटमनच्या खोलीत सतरंजी आली, दाराला जुन्या चादरीचा पडदा लागला. उरलेला वेळ आम्ही चौकात जाऊन खोकले आणि गुडघे बघत असू.

घरी मात्र भाऊजी हैराण झाले होते. गाडी रस्त्यात बंद पडते हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. दर रविवारी ते आणि मेस्त्री दोन्ही बाजूंनी वाकून स्क्रू पिळत. एक कार्बोरेटरचा स्क्रू आत घेई, तोवर दुसरा स्पार्कचा टायमिंग बदले. मग गाडी सुधारली तर कशाने आणि बिघडली तर कशाने, हे दोघांनाही सांगता येत नसे. शेवटी मीच अंगणात गेले.

"भाऊजी, एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि जे जे काढलंत, ते जिथे जिथे जोडलेलं होतं ती जागा आधी बघा."

"वैनी आता गाडी पण दुरुस्त करणार," मेस्त्री म्हणाले. पण त्यांनी पाना खाली ठेवला.

माळ्यावरचं पोतं खाली आलं. एकेक नळी हातात घेऊन तिची इंजिनावरची जागा शोधली. सगळी भोकं बुजवलेली होती, एक सोडून. इंजिनाच्या वरच्या झाकणावर एक आखूड नळी होती, कोळशाच्या डब्याकडे जाणारी. धूळ जाऊ नये म्हणून तिच्यावर मेस्त्रींनी फक्त जाळी बांधली होती. चालू इंजिनावर भाऊजींनी त्या तोंडावर अंगठा दाबला. धाप थांबली.

"इथून फुकटची हवा ओढतेय," ते म्हणाले. "म्हणून पेट्रोलचं मिश्रण पातळ होतंय."

पूर्ण बंद करूनही चालणार नव्हतं, इंजिनाला तिथून थोडासा श्वास लागतो म्हणे. जाऊबाईंनी इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच आणून दिलं, भाऊजींनी त्यात जाड सुईने भोक पाडलं आणि बूच नळीत बसवलं. मग स्क्रू पुन्हा जागेवर आणले. इंजिन संथ, एकसारखं चालू लागलं. गाडी जराही थरथरत नाही हे दाखवायला मेस्त्रींनी टपावर रुपया उभा करायचा प्रयत्न केला, पण टप कापडी होता.

पुढच्या बाजाराला फाटक पडलं. आम्ही रांगेत उभ्या. इंजिन चालू. आगगाडी अजून दिसतही नव्हती. गेटमन हिरवा झेंडा काखेत धरून जवळ आला आणि कान देऊन उभा राहिला.

"आज चालूच हाय की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

कडुलिंबाखाली पाचसात बायका होत्या. एकही उठली नाही. एकीने टोपली डोक्यावर घ्यायला हात लावला. चालू गाडी म्हणजे जाणारी गाडी. जाऊबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, समोर पाहिलं आणि किल्ली फिरवली.

"बंद पडली व्हय?" गेटमनने गंभीरपणे विचारलं.

"पडली," जाऊबाई म्हणाल्या आणि बॉनेट उघडायला उतरल्या.

दिवाळीचा फराळ चालू होता तेव्हा मामंजींनी विषय काढला. त्यांच्याकडे मोडनिंबचे, ऊस लावणारे एक ओळखीचे गृहस्थ येऊन गेले होते.

"गाडी दुरुस्त झाली म्हणता. फाटकावर तर दर बाजारी बंद पडते म्हणे."

भाऊजींनी हातातली चकली ठेवली. "शक्य नाही. बूच गळालं असेल. बघतो." ते उठलेसुद्धा.

"अहो, बसा," जाऊबाई म्हणाल्या. "बूच जागेवर आहे. मीच बंद करते."

मग त्यांनी सांगितलं. हॉटेल, पाटी, कडुलिंब, गेटमनची खोली. किती बायका, ते मामंजींनी माझ्याकडे बघून विचारलं, कारण आकडे माझ्याकडे असतात हे त्यांना माहीत होतं. मी सांगितले. ते बराच वेळ शेव निवडत राहिले.

"म्हणजे चौकातली जागा चुकली," ते म्हणाले.

ती जागा त्यांनीच निवडलेली होती.

"मग ती पाटी तरी काढून आणा," ते म्हणाले. "उगाच पावसात कुजेल."

पुढच्या खेपेला आणली. दोन माणसांच्या गाडीत ती मावेना, म्हणून सोलापूरपर्यंत मी ती मांडीवर उभी धरून बसले, अक्षरं आतल्या बाजूला करून.