रिकाम्या चौकटींखालची सही

"तुमच्याकडे घरी बोलतात का, की नुसत्या हाका मारतात?"

सरांनी विचारलं मुलीच्या आईला, पण बघत होते माझ्याकडे. मीही मिठागरावरच्या घरातली, हे त्यांना ठाऊक होतं. चंदनसारच्या त्या दवाखान्यात सरांच्या हाताखाली मुलांच्या बोलण्याची तपासणी करायला मी लागले, त्याला तीनच महिने झाले होते. मी मान खाली घातली. आणि हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

मुलगी सहा वर्षांची, शाळेनं पाठवलेली. समोर चित्रांची कार्डं. गाय, छत्री, केळं. मी प्रत्येकाला विचारलं, "हे काय आहे?" ती गप्प. चौकटीत मी शून्य भरत गेले. सरांनी अहवाल सांगितला: भाषा अविकसित, विशेष शाळेत घाला. "टाइप कर. सही कर." टाइप केला, सही सोमवारवर ढकलली.

बाहेर मुलीची आई हळूच म्हणाली, "बाय, छत्री तुमाला दिसते ना? मंग पोरीला कशाला इचारता?"

आमच्याकडे समोर दिसणाऱ्या वस्तूचं नाव मोठी माणसं पोरांना विचारत नाहीत. विचारलं तर पोराला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. ते गप्प होतं. शाळेत मीही अशीच गप्प बसायचे. बाई मला वर्षभर 'मुकी' म्हणाल्या. हे माहीत असून मी शून्यं भरली.

रविवारी भीत भीत तिच्या घरी गेले. सरांना कळलं तर नोकरी गेलीच. आई अंगणात सुकट निवडत होती. मी काही विचारलं नाही, सोबत निवडायला बसले. थोड्या वेळानं मुलगी सुरू झाली, ती थांबेचना. मांजरीनं बोंबील कसा पळवला, काकी कशी ओरडली, मांजर आता कुठे लपली असेल. आईची परवानगी घेऊन मी सगळं जसंच्या तसं उतरवलं. पाच पानं भरली.

सोमवारी सरांनी ती पानं टेबलावरून ढकलली. "ह्या गप्पा आहेत. आकडा कुठंय?"

मी पानं गोळा केली.

"सही करणार नाही, सर."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

आता घरी बसून आहे. फोन वाजला तरी दचकते. दुसरीकडे कुणी ठेवेल का, माहीत नाही. पण उद्या तिच्या आईबरोबर मी शाळेत जाणार आहे. पोरीला तिथून काढायचं असेल, तर त्यांना आधी ही पाच पानं ऐकावी लागतील. मी मोठ्यानं वाचीन. आवाज कापेल. कापू दे.